रझियाताईंचं कापलेलं वाक्य

रझियाताई तांबोळींनी लिहिलेलं तपासायचं असेल, तर आधी आम्हाला आपली खुर्ची भिंतीकडे वळवावी लागे. मग त्या पाठीमागून चार ओळी वाचत आणि विचारत, "आता काय करशील?" मान वळवून त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायला गेलं की संपलंच. "माज्याकडं बगू नको. त्या एजंटला माजं तोंड दिसतं व्हय?" ताई मूळच्या कामशेतच्या. एरवीचं बोलणं पुणेरी वळणाचं, पण राग आला की गाव बाहेर यायचं. राग रोजच यायचा.

तळेगावच्या आमच्या छोट्या कंपनीकडे मावळातल्या शीतखोल्यांना धोक्याचे इशारे पुरवायचं काम होतं. खोलीतलं तापमान चढलं की मालकाच्या फोनवर आपोआप निरोप जायचा. निरोपाची ही वाट म्हणजे वेबहूक. नवी वाट जोडणं, थांबवणं, कायमची काढून टाकणं ही कामं पुढे एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेलं काम आपणच पार पाडणाऱ्या प्रोग्रामकडे गेली. प्रत्येक कामाला एक टूल, आणि कुठलं टूल कधी वापरायचं हे एजंटला त्या टूलच्या वर्णनावरूनच कळायचं. ती वर्णनं ताई लिहायच्या.

टूल काय करतं, एवढं आम्हीही लिहायचो. ताई विचारायच्या, "आनी काय करत न्हाई? हात कदी लावायचा न्हाई?" काढून टाकण्याच्या टूलवर तर त्या आठवडाभर बसल्या. त्यांचं शेवटचं वाक्य होतं, 'बराच काळ निरोप गेला नाही म्हणून वेबहूक निकामी समजू नये. सगळं ठीक असेल तर धोक्याचा इशारा शांतच राहतो.' आमच्या साहेबांना ते उगाच लांबलेलं वाटलं.

ताईंचा जीव त्या वाक्यात का अडकला होता, ते मला माहीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ युसुफ गुलाबांचा व्यापारी. वडिवळ्याकडचे शेतकरी कळ्या आणून देत, त्या तो कामशेतच्या शीतखोलीत ठेवी. खोलीवर रात्री राखणीला एक माणूस असायचा. आमचा इशारा बसवल्यावर ताईंनीच युसुफला त्या माणसाला काढायला लावलं. माणूस झोपतो, निरोप झोपत नाही, असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

वर्णनं लांब म्हणून एजंट हळू चालतो, असं साहेबांच्या डोक्यात बसलं आणि कात्री लागली. 'वापरात नसलेले वेबहूक काढून टाकते,' एवढंच उरलं. ताई भांडल्या आणि हरल्या. मग दर सोमवारी त्या स्वतः प्रत्येक इशाऱ्यावर चाचणीचा निरोप सोडू लागल्या, म्हणजे तो वापरात दिसावा. ग्राहकांना त्रास होतो म्हणून साहेबांनी तेही बंद केलं.

पुढे कुणीतरी एजंटला साफसफाई सांगितली. लिहिलं होतं तसंच त्यानं केलं, आणि हेच मला अजून सहन होत नाही. युसुफची खोली नीट चालत होती, म्हणून तिचा इशारा कित्येक महिने शांत होता. त्या साफसफाईत तो गेला. फेब्रुवारीत मोठा माल परदेशी जायच्या आदल्या रात्री खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. फोन वाजला नाही. सकाळी दार उघडलं, तर सगळ्या कळ्या उमलून बसल्या होत्या. उमललेला गुलाब कोण घेणार?

मी ताईंबरोबर तिथं गेलो होतो. युसुफ भांडला नाही. फुलांकडे बघत एवढंच म्हणाला, "आपा, तू म्हनलीस म्हनून मी मानूस काढला." वाक्य कापल्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तर ताईंनी हातानंच मला गप्प केलं. त्याला त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. युसुफ आता नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. बहिणीशी बोलतो, पण कामापुरतं.

यंदा साहेब बदलले आणि मी ते वाक्य पुन्हा घातलं. मोठ्या हौसेनं ताईंना फोन लावला. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी सवयीनं भिंतीकडे वळलो आणि वाचलं. मग त्यांनी विचारलं,

"आपल्या भागातले किती इशारे राहिलेत रे?"

त्या फेब्रुवारीनंतर तिथल्या एकेका मालकानं आमचा इशारा सोडला होता. मी म्हणालो, "एकही नाही, ताई."

"मग आता ते वाक्य कुनाला राखनार?" त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.