तीन पावांचा भाव

सकाळच्या गाडीने दुर्गला उतरले आणि रिक्षाने भिलाईत लेकीच्या सासरी पोचले. तिचं डोहाळजेवण होतं. विहीणबाई मूळच्या वर्ध्याकडच्या. लग्नापासून त्यांनी मला पाहुणी म्हणून बैठकीतच बसवून ठेवलेलं, स्वयंपाकघरात पाऊल म्हणून टाकू दिलं नाही. या खेपेला आत शिरायचंच, असं ठरवून मी बाजाराची पिशवी उचलली.

"तुमाले जमते का?" त्यांनी विचारलं. "तीन किलो वांगे आना भरताले. सांबार (कोथिंबीर) अन् मिरच्या ते भाजीवाली वर देतेच."

कोहक्याच्या बाजारात वांगी होती जांभळी, तुकतुकीत. भाजीवाली म्हणाली, "बीस के पाव, पचास के तीन पाव, सत्तर के किलो."

पावाच्या भावाने किलो पडतो ऐंशीला. तीन पावांच्या भावाने सदुसष्टच्याही आत. म्हणजे अख्खा किलो घेणारा फसतो! "तीन पाव द्या. चार वेळा."

"किलो-किलो ले न, दाई (माय)."

"नको. तीन पाव."

तिने चार वेळा तोललं. दर वेळी शेवटचं वांगं बदलून काटा अगदी नेमका आणला. दोनशे झाले, दहा वाचले. शेजारच्या बाईने एकच किलो घेतला, तर तिच्या पिशवीत वर कोथिंबीर आणि मूठभर मिरच्या पडल्या. मीही पिशवी पुढे केली.

"पुरौनी (वर मिळणारं फुकटचं) नइ मिलय," भाजीवाली म्हणाली. "हिसाब करे हस, त हिसाबे ले जा."

शेवटी वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची विकत घेतली.

"इकत?" विहीणबाई चमकल्या. "कावून? भांडल्या का तिच्यासंगं?"

"नाही. गणित केलं."

सगळं ऐकल्यावर त्या ओट्याला टेकून हसत सुटल्या. "अवं माय! दहा वाचवाले वीस घातले! या, आता इथंच उभ्या राहा अन् वांगे भाजा."

मग ओटी भरायला येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी हे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून उरलेल्यांना. मी पोळ्या लाटत ऐकत होते.

परतीच्या गाडीत पुन्हा हिशेब केला. निव्वळ तोटा दहा रुपये. त्यात चार दिवस विहीणबाईंचं स्वयंपाकघर मिळालं, म्हणजे दिवसाला अडीच रुपये. या भावात कुठेही मिळणार नाही.