जनार्दनचं लिस्टवरचं पत्र

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मला आधी कुणी कळवलं का नाही?" पलीकडून सुनंदावहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, यांनी तुमाला लिवलं व्हतं. रोज इचारायचे, उत्तर आलं का म्हनून." महिना झाला, ते वाक्य मला एका जागी बसू देत नाही...

पनवेलच्या एसटी स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मूळचा चिरनेरकडचा, बोली शेवटपर्यंत तिकडचीच. सगळ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर मराठीत आणणारा आमचा गोतावळा जगभर पांगलेला, आणि त्याची मेलिंग लिस्ट जनार्दन सांभाळायचा. एकानं ईमेलनं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. दिवसाला शंभर-दीडशे सहज. नव्या माणसाचं पहिलं पत्र मात्र त्यानं वाचून सोडल्याशिवाय पुढे जात नसे. प्रश्न कितीही बाळबोध असो, तो स्वतः उत्तर द्यायचा. "पयल्या पत्राला उत्तर नाय मिलालं ना, तर मानूस दुसरं लिवत नाय," हा त्याचा एक हेका. दुसरा त्याहून तापदायक : खाजगी काही नाही, जे काय ते लिस्टवर. मी गुपचूप काही विचारलं की उत्तर लिस्टवर यायचं आणि माझी अक्कल चारचौघांत उघडी पडायची. यावरून आम्ही किती भांडलो! पुढे मी पनवेल सोडून पुण्याला आलो, आणि पत्रांच्या त्या माऱ्याला वैतागून एक फिल्टर लावला. लिस्टची सगळी पत्रं परस्पर वेगळ्या कप्प्यात. रविवारी वाचू म्हटलं. कितीतरी रविवार आले नि गेले. त्याला मी हे सांगितलं नाही.

वहिनींचा फोन ठेवला आणि तो कप्पा उघडला. हजारो पत्रांत त्याचं होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. "दवाखान्यात आहे, मुक्काम लांबेल असं दिसतंय. नव्यांची पत्रं अडकून पडतील. सुधीर, तू सोडशील का? पासवर्ड सुनंदाकडे आहे." खाली एकही उत्तर नाही. ज्यांनी वाचलं त्यांना वाटलं, सुधीर बघेल. आणि सुधीर, म्हणजे मी, वाचतच नव्हतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाराव्याला गेलो, तेव्हा वहिनींनी पासवर्डची चिठ्ठी हातावर ठेवली. दुकानात त्याच्या खुर्चीवर बसून अडकलेली पत्रं एकेक करून सोडली, प्रत्येकाला उत्तर लिहिलं. त्याच्याच खात्यातून जात असल्यामुळे खाली त्याचं नाव उमटत होतं. ते काढायला हात धजेना. तासाभरात एका मुलीचं पत्र आलं : "आभारी आहे, जनार्दन सर. मला वाटलं, इथे कुणी नसतंच."

उठलो, दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. तिला एकटीला लिहून मोकळं होता आलं असतं. मी लिस्टवर लिहिलं : जनार्दन गेला. जाण्याआधी त्यानं तुम्हा सगळ्यांदेखत मला एक काम सांगितलं होतं. मी ते पत्र उघडलंच नव्हतं.