सुजाताची बोटं

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा कोलशेतच्या आमच्या कंपनीत ट्रक भरला जात होता. मी सील लावून घेतलं, सही केली आणि मग निघाले. माझ्या या धाकट्या नणंदेला अर्धवट टाकलेलं काम खपत नसे.

ती डोंबिवलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, कोपरीत एकटी राहायची आणि पन्नाशीला टेकताना पीएच.डी. करत होती, कांद्याच्या मुळातल्या पेशींवर. "रोज बघतेस तरी काय?" मी एकदा विचारलं. "वहिनी, पेशी दोन होण्याआधी आतल्या बारीक नळ्या जमवून कमरेला पट्टा बांधते. मग तो मोडते आणि तोच माल वापरून दुसरीकडे नव्या नळ्या उभ्या करते. पण मधली भिंत शेवटी पट्टा होता तिथंच येते. कधी बांधायचं, कधी मोडायचं, हे तिला कोण सांगतं, ते बघते." "मग कळलं?" "पेशीला कळतं. मला अजून नाही."

मग स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशननंतरचं औषध नेमकं याच नळ्यांवर चालणारं... त्या मोडूच द्यायच्या नाहीत, म्हणजे गाठीतली पेशी विभागताना अडकते. सलाइन लावणाऱ्या सिस्टरला सुजातानं हे हौसेनं समजावलं. पण नसांनाही त्याच नळ्या लागतात. चौथ्या डोसनंतर बोटं बधिर झाली, स्लाइडवर ठेवायची पातळ काच हातातून निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, डोस कमी करता येईल, तुम्ही ठरवा.

"कमी करू या," ती म्हणाली.

"बोटांचं राहू दे. आधी जीव."

"तुमचं बरंय वहिनी, खोकी उचलायला हमाल आहेत. माझ्या पेशी कोण उचलणार?"

"जगलीस तर तूच उचलशील."

ती हसली नाही. पूर्ण डोस घेतले; प्रत्येक वेळी मी शेजारी बसले. बोटं परत आली नाहीत, प्रबंध थांबला आणि वर्षभरात आजार फुप्फुसात उतरला. कमी डोसनं काय वेगळं झालं असतं, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. आग्रह मी केला होता, एवढं मात्र सांगता येतं.

गेल्या रविवारी कोपरीची खोली आवरायला गेले. द्यायचे कपडे काढले, तर एकेका कुर्त्याची बटणं कापलेली आणि तिथं वेल्क्रोच्या पट्ट्या शिवलेल्या. तिनंच, त्या बोटांनी. टाके लांब, वाकडे, मध्येच दोरा सुटून पुन्हा गाठ मारलेली. शिलाई मशीन माझ्याकडे आहे. अर्ध्या तासाचं काम... तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तिच्या बोटांकडे बघावं लागलं असतं.

दुसऱ्याला द्यायचे तर शिवण नीट हवी, म्हणून कात्री घेऊन उसवायला बसले. पहिल्या गाठीशीच थांबले. ते कुर्ते आता माझ्या कपाटात आहेत, तसेच.