पल्याडच्या डोंगरावरची हाळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. रेडिओत टेप-रेकॉर्डर सांभाळायचो. मशीनवर येतं तेवढंच खरं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. आमच्या साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं — एकट्या राहणाऱ्या माणसांवर कार्यक्रम करायचा, निवेदक नाही, संगीत नाही, नुसते त्यांचे आवाज! त्यापायी टेप-रेकॉर्डरचं ते धूड पाठीवर घेऊन मी मुळशी धरणाच्या वरच्या डोंगरावर ठेचकाळत चढलो. वर धनगराचं एकच घर, त्यात एकट्या ठकूबाई. सत्तरीच्या, जवळजवळ बहिऱ्या.

त्यांची धाकटी बहीण सखू समोरच्या डोंगरावर दिलेली. मधल्या दरीत धरणाचं पाणी, वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस. म्हणून रोज दिवस मावळताना दोघी एकमेकींना हाळी द्यायच्या. हाळीला उत्तर आलं म्हणजे माणूस धड आहे. पण कान गेले आणि ठकूबाईंना उत्तर कळेनासं झालं. सखू आहे की नाही, या काळजीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"तुज्या यंत्राला ऐकू येतंय न्हवं?" त्या मला म्हणाल्या. "मंग सांग बाबा, ती हाय का न्हाई."

त्यांनी हाळी दिली. टेप चालू, हेडफोन माझ्या कानांवर. बराच वेळ नुसता वारा... मग बाईचा स्वच्छ आवाज — "आक्का, तांबडी व्याली गं! कालवड झाली!"

मी ठकूबाईंच्या कानाशी ओरडून जसंच्या तसं सांगितलं. म्हातारी खुदकन हसली. तांबडी म्हणे तिनंच बहिणीला दिलेली गाय. त्या रात्री म्हातारी पोटभर जेवली.

सखूबाईंचाही आवाज घ्यावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी पल्याड गेलो. त्यांचा मुलगा भिवा भेटला. आई जाऊन महिना झाला, म्हणाला. मावशी वर एकटी, ऐकून खचेल, म्हणून सांगायचा धीर झाला नव्हता. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. गोठ्यात तांबडी नव्या कालवडीला चाटत होती. काल दिवस मावळतानाच व्याली, भिवा म्हणाला. मी तिथंच यंत्र पाठीवरून उतरवलं.

टेप लावून पाहिली. ठकूबाईंची हाळी, मग वारा. बाकी काही नाही!

भिवाला घेऊन परत वर गेलो. म्हातारीला आपण फसवलं, या विचारानं मला स्वतःचीच चीड आली होती. भिवानं सांगितलं तशी ती खूप रडली. त्याला शिव्या घातल्या, मग पोटाशी धरलं. शेवटी माझ्याकडे वळली.

"आवाज कसा हुता रं तिचा? दमल्याली वाटली का?"

"नाही," मी कानाशी ओरडलो, "खुशीत होत्या."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. साहेब टेप ऐकून वाऱ्याचा भास म्हणाले. मी काय ऐकलं, याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. पण म्हातारीला मी खोटं सांगितलं नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो.