श्रद्धांजलीतला जर्मन

बीडच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवतो, तिथं माझं एक भाषण ठरलेलं आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी एका जर्मन गणितज्ञाचं आयुष्य सांगतो. गरीब पाद्र्याचा मुलगा, चार लोकांत बोलायला लाजणारा, तब्येतीनं नाजूक. लिहिलं थोडंच, पण मूळ संख्यांबद्दल त्यानं बांधलेला एक अंदाज अजून कोणाला सिद्ध करता आलेला नाही. क्षयानं चाळिशीच्या आत गेला. फिजिक्स शिकवणारा माझा मित्र दाराशी येऊन म्हणायचा, "मेला का बे तुझा जर्मन? माझा तास हाय."

या उन्हाळ्यात तो मित्रच गेला. सकाळी गाडीला किक मारताना कोसळला. गेवराईकडच्या त्याच्या गावी अंत्यविधी होता. मला काहीच वाटत नव्हतं. तापल्या फरशीवर अनवाणी उभा होतो, तेही दुसऱ्या दिवशी तळपायाला फोड आले तेव्हा कळलं.

अग्नी दिल्यावर रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एक पुढारी मित्राचं नाव चुकीचं घेऊन गावच्या रस्त्याच्या मंजुरीपर्यंत पोचला. मी मनात हसलो. तेवढ्यात मित्राचे वडील माझ्याकडे आले.

"सर, तुमी बोला. घरी तो काय बोलायचाच न्हाई. बीडात कसा ऱ्हायचा, सांगा जरा."

मी माइक घेतला. डोकं म्हणजे पुसलेला फळा. तोंड उघडलं आणि ठरलेलं भाषण बाहेर पडलं. गरीब घर, लाजाळू स्वभाव. लोक माना हलवत होते. हवा मानवेना म्हणून इटलीला गेला म्हणालो, तेव्हा माना थांबल्या. मला मात्र थांबता येईना. त्याला तिथल्या तळ्याकाठी मारूनच माइक खाली ठेवला.

"हा इटलीला कधी गेलता बे?" मागून कोणी तरी विचारलं.

"सर लोकांचं काय सांगावं. गेलता असंल सुट्टीत."

वडील माझ्याजवळ आले. "हे दुसऱ्याचं हुतं ना?"

"हो, काका. जर्मनीतला गणिताचा माणूस होता एक."

"तो गेला तवा त्येचा बाप हुता?"

"नाही. आधीच गेला होता."

"बरं झालं त्येचं." ते लिंबाखाली टेकले. "आता माझ्या पोराचं सांगा. माइक नगं."

मी शेजारी बसलो. तो चहात पाव बुडवून खायचा, म्हणालो. दुसरं काही आठवेना.

"घरी पाव खायचा न्हाई," ते म्हणाले, आणि मी पुढं काही बोलेन याची वाट बघत राहिले.