घोड्याच्या केसांचा ब्रश

साल एकतीस. आमची प्लॅटून वायव्य सरहद्दीवर एका टेकडीवरच्या पिकेटवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर, होती. दगडाची भिंत, वर वाळूच्या गोण्या, पाणी खालून खेचरावर येई. सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे रायफल घेऊन भिंतीशी उभं राहायचं, साडेसहाला दाढी, सातला इन्स्पेक्शन. गोळी रोज येत नसे. इन्स्पेक्शन रोज येई.

मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस. पलटणीत आधी पाच वर्षं खेचरं आणि घोडी सांभाळली, मग रायफल कंपनीत आलो. जनावराच्या केसाची मला पारख आहे. हे आधीच सांगून ठेवतो.

शिपाई इस्माईल दिघीचा. मी बोर्ली पंचतनच्या वरच्या अंगाचा. आमच्या मुलखाला तेव्हा हबसाण म्हणत. एकाच दिवशी भरती झालो, एकाच आगबोटीने गेलो. पलटणीच्या हजामाचा ब्रश डुकराच्या केसांचा, म्हणून इस्माईल तो गालाला लावून घेत नसे. हातानेच साबण चोळी. साबण वाळे, वस्तरा अडके, खुंट राहत. हवालदाराने दोनदा त्याला जादा काम दिलं.

"लान्स नायकाची फीत पायजे ना?" हवालदार म्हणाला. "मग आधी तोंड साफ कर."

त्या वर्षी दोघांना रजा बरोबर मिळाली. परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला ओढत बोर्लीच्या बाजारात नेलं. दुकानात दोनच ब्रश होते. एक पांढरट, राठ. दुसरा काळा, मऊ.

"शेठ, केस कशाचा?"

"जनावरनो. जास्ती कंपनीला विचारा."

इस्माईल म्हणाला, "ऱ्हाऊ दे म्हाद्या. हात हाय की माझा."

"तुझा हात जादा काम करायला हाय. गप ऱ्हा."

मी दोन्ही ब्रशांचा एकेक केस उपटला आणि उन्हात धरला. डुकराच्या केसाला टोकाशी फाटे असतात. पांढऱ्याला होते. काळ्याचं टोक सरळ, एकसारखं.

"ह्यो घोडा."

"नक्की?"

"तुझ्या आईच्या हातचं जेवलोय मी. खोटं सांगीन व्हय?"

त्याने तो घेतला.

पिकेटवर आल्यावर पहिल्याच सकाळी तो डब्यात पाणी आणि ब्रश घेऊन चुलीकडे निघाला.

"कुठं?"

"जरा उकळून घेतो. पाक-साफ होईल."

मला राग आला. चारजण ऐकत होते. "म्हंजे माझा शब्द कच्चा?"

"तसं न्हाय रं."

"मग कसं? केस झडून टक्कल पडंल त्याला. उकळायचाच तर दरीत टाक."

त्याने डबा खाली ठेवला. "बरं बाबा, घोडेवाले," म्हणाला आणि हसला. थंड पाण्यातच ब्रश बुडवला. फेस चांगला आला. इन्स्पेक्शनला हवालदार त्याच्यासमोर थांबला. "आज कुणाचं लगीन?" सगळी लाइन हसली. मला वाटलं, हे माझं काम.

सातव्या दिवशी जबड्याखाली, वस्तऱ्याच्या ओरखड्यावर, एक फोड आला. दुखत नव्हता म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी फोडाच्या मधे कोळशासारखी काळी खपली. दहाव्या दिवशी सकाळी मान खांद्याएवढी सुजली आणि ताप चढला. स्टँड-टूला त्याला उभं राहता येईना.

प्लॅटूनचा अंमल जमादार साहेबांकडे. त्यांनी हेलिओवरून, म्हणजे उन्हात आरसा चमकवून, खाली कॅम्पला निरोप पाठवला.

"एक आजारी. चालू शकत नाही. डॉक्टर हवा."

उत्तर आलं. "आज रस्ता बंद. उद्या सातला."

सरहद्दीवर रस्ता ठरल्या दिवशीच, दोन्ही अंगांना पहारा लावून, उघडे. त्यात कुणाची चूक नाही. मी दिवसभर ओल्या फडक्याने त्याची मान पुसत होतो. तो म्हणाला, "म्हाद्या, फीत मिळंल ना रं?" मी म्हटलं, "मिळंल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सात वाजून वीस मिनिटांनी पोचले. कॅप्टन होते, पण गोरे नव्हे, आपल्यातलेच. खपली बघून त्यांनी पहिलंच विचारलं, "दाढीचा ब्रश कुठाय?"

मी आणला.

"हाताने धरू नकोस. ठेव खाली. घोड्याचा केस. ही काळपुळी. जनावराचा रोग, असल्या ब्रशातून येतो. नवा ब्रश उकळून घ्यायचा असतो." मग इस्माईलकडे वळून, "कुणी घेतला?"

त्याचा आवाज घशातून निघत नव्हता. तरी म्हणाला, "मीच, साहेब."

"उकळला नाहीस?"

"इसरलो."

मी तिथेच उभा होतो, अटेन्शनमध्ये.

ब्रश रॉकेल ओतून जाळला. इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी इस्माईल गेला. टेकडीच्या खाली त्याला पुरला. फीत मिळाली नाही.

त्याचं सामान घेऊन मी दिघीला गेलो. त्याच्या आईने एकेक वस्तू ओटीवर मांडली. वस्तरा, आरसा, टोपी, कंबरपट्टा. मग इकडे तिकडे बघू लागली.

"ब्रश रं? त्यानं कागद धाडला व्हता. म्हाद्यानं बाजार पालथा घालून घोड्याचा हुडकून दिला म्हणून. मी पाची वख्ताला तुझ्यासाठी दुवा मागत्ये."

मी म्हटलं, "हरवला."

तिने मला जेवूनच जायला लावलं. मी जेवलो.

ती आता नाही. आमचा हवालदार नाही, जमादार साहेब नाहीत. मी अजून दाढी रोज साडेसहाला करतो. साबण हाताने लावतो, खुंट राहतात. सून म्हणते, मामंजी, ब्रश आणून देऊ का? मी नको म्हणतो.

गोळीने मेलेल्यांची नावं दगडावर आहेत. याचं नाही. म्हणून इथे लिहितो. शिपाई इस्माईल, मुक्काम दिघी. तो काही विसरला नव्हता. डबा घेऊन चुलीकडे निघाला होता. मी अडवला.