पहिल्या पंपाची पूजा

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी पाण्याचा विभाग सांभाळतो. रंगाला पाणी नितळ लागतं, म्हणून ते आधी पंपाने वाळूच्या फिल्टरमधून न्यायचं. ऐकायला सोपं आहे. पंप सुरू करणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांनाच मी खाली मान घालायला लावली. हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

ते आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ठाण्याला कोपरीत राहणारे. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा त्यांनी मला पंपासमोर उभं केलं. "टाकीकडचा व्हॉल्व आधी पूर्ण उघड. मग वरची ही चावी ढिली कर, हवा जाऊ दे. बुडबुडे संपून सरळ पाणी आलं की बंद. फिल्टरकडचा व्हॉल्व जवळजवळ मिटलेला ठेव आणि मग बटण दाब. नंतर प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवून हळूहळू उघडायचं. घाई कशाला करतो रे, पाणी कुठे पळून जात नाही." शेवटचा नियम वेगळा होता. पंपावर लाल पाटी लटकत असेल तर त्याला हात लावायचा नाही. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची.

पुढे डिप्लोम्याच्या जोरावर मी त्यांचाच साहेब झालो. अंगात थोडी मस्तीही आली होती, खोटं कशाला बोलू?

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. ते मात्र दसऱ्याला दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षीही पूजेच्या आदल्या संध्याकाळीच निघाले. मी तेव्हा घरी गेलो होतो. जाण्याआधी त्यांना पहिल्या पंपाचं सील गळताना दिसलं. त्यांनी टाकीकडचा व्हॉल्व बंद केला, लाल पाटी अडकवली आणि दुसरा पंप चालू करून दिला. गाडीच्या घाईत वहीत लिहायचं तेवढं राहिलं.

सकाळी पूजेची तयारी करायला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. पहिला पंप दाराजवळ, म्हणून मान त्याचाच. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, आणि मधोमध ती पाटी: 'चालू करू नये'. सणासुदीला हे अपशकुनी दिसतं, असं माझ्या मनात आलं. मी पाटी काढून खिशात घातली. पूजा झाली की परत लावू, म्हटलं.

नारळ फुटला. शकुन म्हणून यंत्र क्षणभर फिरवायची आमच्याकडे पद्धत आहे. मॅनेजर म्हणाले, "चला साहेब, तुमच्याच हाताने होऊन जाऊ दे." सगळे माझ्याकडे बघत होते. मी व्हॉल्व पाहिला नाही, हवा सोडली नाही. बटण दाबलं आणि टाळ्यांच्या गडबडीत पेढा घ्यायला वळलो. पंप कोरडाच फिरत राहिला. जळकट वास आला, धूर निघाला, तेव्हा कुठे मी धावलो. सील जळून गेलं होतं.

"टाकीकडचा व्हॉल्व कोणी बंद केला?" मॅनेजरांनी विचारलं. वही उघडली, त्यात काहीच नव्हतं. मागून एक जण पुटपुटला, "पूजेला थांबायचं नाही, वर हे असं करून जायचं." या बोलण्यात काय विष आहे ते मला नीट कळत होतं. पाटी होती का, असं मॅनेजरांनी मला सरळ विचारलं. मी म्हटलं, "मी तरी पाहिली नाही."

आमचे ते जुने ऑपरेटर शिफ्ट इनचार्ज होणार होते, पत्र टाइप होऊन तयार होतं. ते थांबलं आणि त्याऐवजी त्यांना मेमो मिळाला. चूक पंपाची नव्हती, त्यांचीही नव्हती. मी भित्रा निघालो, एवढंच खरं.

नागपूरहून आल्यावर ते थेट माझ्याकडे आले. भांडतील म्हणून मी तयारीत होतो. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "पाटी खरंच नव्हती का रे?"

मी मान हलवली. नव्हती.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "लावल्यासारखं तर डोळ्यांसमोर येतंय. पण तू सांगतोस म्हणजे नसेलच. वहीतही विसरलोच ना मी. वय झालं."

आता ते व्हॉल्व उघडतात, चार पावलं जातात आणि परत येऊन चाचपून बघतात. ज्यांचा हात आम्ही डोळे मिटून मानायचो, ते बटण दाबण्याआधी मला हाक मारतात, "जरा बघतोस का रे? माझा आता भरवसा नाही." मी जातो. एकेक व्हॉल्व बघतो. सगळं बरोबर असतं, दर वेळी. "बरोबर आहे," मी सांगतो, आणि ते माझे आभार मानतात.